निवृत्त हेडसरांचं आयुष्य लिहून ठेवायचंय? मग या हिवाळ्यातच कामाला लागा

खान्देशातल्या कुठल्याही गावाचा माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडून बघा, पारोळा घ्या, शहादा घ्या, रावेर घ्या, सगळीकडे तेच. हेडसर गेल्याचा मेसेज येतो, हार घातलेला फोटो येतो, खाली "शिस्तप्रिय, मनमिळाऊ, विद्यार्थीप्रिय व्यक्तिमत्त्व हरपलं" अशी ओळ असते, मग दोनेकशे भावपूर्ण श्रद्धांजल्या पडतात, गंधमुक्तीची, म्हणजे दिवसकार्याची, तारीख कळते आणि संध्याकाळपर्यंत कोणीतरी कापसाचे भाव टाकून मोकळा होतो. ज्या माणसानं तीस-पस्तीस वर्षं शाळा ओढली त्याच्याबद्दल आपल्याकडे तीन विशेषणं शिल्लक, आणि ती शेजारच्या गावच्या हेडसरांनाही जशीच्या तशी चालतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की विशेषणं सोडा आणि कामं लिहा. सरांनी काय केलं, कोणत्या साली केलं, पैसे कुठून आणले, सोबत कोण होतं, विरोधात कोण होतं. आणि हे सगळं सर स्वतः सांगू शकतायत तोवर करा. साने गुरुजी सगळ्यांना माहीत आहेत, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० ते शिकवत होते, वसतिगृह बघत होते, त्यांच्यावर लिहिणारे भरपूर. पण त्यानंतरच्या साठ-सत्तर वर्षांत ज्यांनी गावोगाव पत्र्याच्या दोन खोल्यांची हायस्कुलं केली त्यांचं काय? आणि लिहून ठेवल्यानं काय होतं हे खान्देशी माणसाला तरी समजावायला लागू नये, बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावानं ओव्या उतरवून ठेवल्या म्हणून त्या आज आपल्याकडे आहेत.

तर आम्ही दोस्तमंडळींनी आमच्या भागातल्या काही सरांच्या आणि बाईंच्या छोट्या पुस्तिका केल्यात, त्यातून जे जमलं ते इथं क्रमानं सांगतो.

आधी यादी, आणि यादीत वय बघा

गावातल्या, आजूबाजूच्या चार खेड्यांतल्या सगळ्या निवृत्त मुख्याध्यापकांची यादी करा. समोर वय, तब्येत, ऐकू येतं का, आठवण कशी आहे हे लिहा. ज्यांचं वय जास्त, ज्यांची तब्येत नाजूक, ते वर. "आधी आपल्या लाडक्या सरांचं करू" हा मोह टाळा, लाडके सर पासष्टचे असतील तर ते थांबू शकतात.

ही यादी करायला सगळ्यात भारी महिना नोव्हेंबर. हयातीचा दाखला द्यायला बरेच पेन्शनर त्या महिन्यात बँकेत येतात, बाकावर बसलेले असतात, कोण कुठं आहे, कोण पुण्याला मुलाकडे गेलं, कोणाचं ऑपरेशन झालं हे सगळं तिथल्या एका सकाळीत कळतं.

यादीत फक्त हायस्कूलचे हेडसर नकोत. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेचे मोठे गुरुजी पाहिजेत, उर्दू शाळेचे पाहिजेत, धडगाव-अक्कलकुव्याकडच्या आश्रमशाळांचे पाहिजेत. आणि कन्याशाळेच्या मोठ्या बाई तर आधी पाहिजेत कारण त्यांच्याबद्दल कोणीच काही लिहिलेलं नसतं, निवृत्तीनंतर त्या "अमक्याच्या आई" होऊन जातात. बाईंच्या बाबतीत एक लक्षात ठेवा, जुने कागद माहेरच्या नावानं असतात, मॅट्रिकचं सर्टिफिकेट एका नावानं आणि सर्व्हिस बुक दुसऱ्या नावानं, म्हणून दोन्ही नावं आधीच विचारून घ्या.

भेटीआधी एक सालवारी तयार करा

सरांसमोर कोरी वही घेऊन बसू नका. एका मोठ्या कागदावर तीन उभे रकाने पाडा, एक नोकरीचा, एक घरचा, एक गावाचा आणि राज्याचा. जेवढं माहीत आहे तेवढं भरा, बाकीचं सरांसमोर भरत जाईल.

तिसऱ्या रकान्यात या गोष्टी आधीच टाकून ठेवा, कारण सरांना साल आठवत नाही पण घटना आठवते: १९६० ला महाराष्ट्र झाला, १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या, १९६७ ला बालभारती स्थापन झाली, १९७२ चा दुष्काळ (मिलो आणि सुकडी, म्हणजे तेव्हा वाटलेलं धान्य आणि मदतीचं खाणं, असं म्हटलं की सर लगेच बोलायला लागतात), १९७५ ला दहावीची पहिली बॅच, त्याआधी अकरावी मॅट्रिक, १९७५ ते ७७ आणीबाणी आणि मास्तरांना दिलेलं नसबंदीच्या केसेसचं टार्गेट, १९७७-७८ चा सरकारी कर्मचारी आणि शिक्षकांचा ५४ दिवसांचा संप, १९८७ च्या सुमाराची खडू-फळा मोहीम (ऑपरेशन ब्लॅकबोर्ड), २००० ला पहिलीपासून इंग्रजी. शिवाय दर दहा वर्षांनी शिरगणती, ती कोणी केली? मास्तरांनीच.

जुने कागद वाचताना गोंधळ होतो तो इथं. जुन्या कागदांवर "पूर्व खानदेश" आणि "पश्चिम खानदेश" असे जिल्हे दिसतील, म्हणजे आजचा जळगाव आणि आजचा धुळे-नंदुरबार. नंदुरबार वेगळा जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, त्यामुळे तळोद्याच्या गुरुजींच्या अर्ध्या ऑर्डर धुळ्याच्या असणार, घाबरू नका. "फायनल पास" म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, सातवीची परीक्षा, तेवढ्यावर मास्तरकी मिळायची. आणि उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आलं १९९० ला, त्याआधी इथली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली, म्हणून अमळनेरला शिकलेल्या सरांच्या डिग्रीवर पुणे दिसलं तर सर पुण्याला शिकले असं लिहून बसू नका.

जन्मतारखेची गंमत वेगळीच. सर्व्हिस बुकात १ जून दिसली की समजून जा, नाव घालताना गुरुजींनी ठोकून दिलेली तारीख. म्हणून तर आपल्याकडे ३१ मे ला रांगेनं निवृत्त्या होतात. खरी जन्मतारीख हवी असेल तर थोरल्या बहिणीला विचारा, "पोळ्याच्या आधी की नंतर, त्या साली पाऊस कसा होता" असं विचारलं की ती बरोबर जागेवर आणून सोडते. पुस्तिकेत दोन्ही तारखा लिहा.

घरच्यांशी बोलणी

ही पायरी लोक गाळतात. सर हो म्हणतील पण सून वैतागेल, कारण दर रविवारी तिच्या घरात तीन माणसं येऊन बसणार. म्हणून आधी घरी जाऊन काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, मुलाला, सुनेला सांगा की काय करणार, किती वेळा येणार, कुठं छापणार, रेकॉर्डिंग कोणाकडे राहणार. चहा एकदाच घेऊ असंही सांगून टाका, नाहीतर दर वेळी पोहे आणि शेवेची प्लेट येते आणि रेकॉर्डिंगमध्ये अर्धा तास कुरुमकुरुम ऐकू येतं.

एक कागद करा, साध्या मराठीत चार ओळींचा: माझी मुलाखत, फोटो, कागद अमक्या कामासाठी वापरायला माझी परवानगी आहे, छापण्याआधी मला दाखवावं, जे नको म्हणेन ते काढावं. त्यावर सरांची सही आणि तारीख. सर आयुष्यभर मस्टरवर सह्या घेत आले, त्यांना सही मागितलेली आवडते.

कधी जायचं, कसं रेकॉर्ड करायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. का, तर एप्रिल-मे मध्ये भुसावळ-जळगावकडे पारा चव्वेचाळीसच्या पुढं जातो, कूलर चालू केल्याशिवाय म्हातारं माणूस बसू शकत नाही आणि कूलरच्या आवाजात रेकॉर्डिंगचा पार चोथा होतो. हिवाळ्यात पंखाही बंद चालतो. फक्त शेती असेल तर वेचणीचे दिवस विचारून घ्या, बरेच सर निवृत्तीनंतर सकाळी शेतातच असतात. वेळ सकाळी नऊ ते अकरा, जेवणानंतर कधीच नको. एका बैठकीला तास, फार तर दीड तास.

मशीन काही वेगळं लागत नाही, फोन चालतो. फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर बरोबर रंगात आल्यावर लोनवाल्याचा फोन येतो. फोन थेट टेबलावर ठेवू नका, खाली घडी केलेला नॅपकिन घाला, सर बोलताना टेबलावर बोटं आपटतात आणि ते ठाण ठाण रेकॉर्ड होतं. कॉलरचा माईक मिळाला तर उत्तम. ॲपमध्ये वॅव्ह फॉरमॅट निवडा, मोनोमध्ये तासाला साधारण ३०० एमबी जागा लागते, तेवढी आधी रिकामी करा. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, कोण बोलतंय, कोण विचारतंय हे बोला. पहिली दोन मिनिटं रेकॉर्ड करून तिथंच ऐकून बघा, मग पुढं चला.

व्हिडिओ नंतर, शेवटच्या भेटीला, दहा-पंधरा मिनिटं. कॅमेरा लावला की सर भाषण करायला लागतात, "आजच्या या मंगल प्रसंगी" सुरू होतं, मग माणूस हाताला लागत नाही.

प्रश्न

इथं सगळं काम आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

"सर तुमच्या जीवनप्रवासाबद्दल सांगा" असं विचारलं की उत्तर पण तसंच येतं, परिस्थिती गरिबीची होती, कष्टानं शिकलो, संस्थेनं संधी दिली, परमेश्वराच्या कृपेनं सगळं चांगलं झालं. दहा मिनिटांत आयुष्य संपलं. प्रश्न वस्तूवर, जागेवर, वेळेवर न्या. शाळेची घंटा कशाची होती? (आमच्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला असायचा, तो कुठून आणला हीच एक गोष्ट असते.) पहिला पगार किती आणि कोणाच्या हातात दिला? पहिल्या दिवशी शाळेला गेलात तेव्हा गावापर्यंत कसे पोचलात? शाळेत पाणी कोण भरायचं, सगळ्या जातीची पोरं एकाच माठातून पाणी प्यायची का? हा शेवटचा प्रश्न विचाराच, सर थांबतात, मग खरं बोलतात.

एक दिवस संपूर्ण विचारा. म्हणजे समजा १९८४ चा ऑगस्ट, मंगळवार, सर सकाळी उठले इथपासून रात्री दिवा मालवेपर्यंत. सुरत-भुसावळ लाईनवर अप-डाऊन करणारे असतील तर कोणती पॅसेंजर, ती चुकली तर काय करायचे, डब्यात कोण कोण बसायचं. शाळेत आल्यावर पहिलं काय, मस्टर की पटांगण. टाचण, म्हणजे मास्तरांची पाठाची लेखी तयारी, कोणाकोणाचं बघायचे. ऑफ तासाला काय. संध्याकाळी संस्थेच्या चेअरमनकडे जावं लागायचं का आणि तिथं खुर्ची मिळायची की उभं राहावं लागायचं. असा एक दिवस नीट निघाला की पुस्तिकेची चार पानं झाली म्हणून समजा आणि ती चार पानं बाकी सगळ्याच्या वर असतात.

साल आठवत नसेल तर "कोणत्या साली?" करत मागं लागू नका. "थोरली तेव्हा कितवीत होती सर?" असं विचारा. "आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली होती का? कपाशी उभी होती का?" असं विचारा. मुलांच्या इयत्ता, घराचं बांधकाम, आई-वडील गेले ती सालं, या खुंट्यांवर सगळं टांगता येतं.

मग कामाचे प्रश्न: मान्यता कशी आणली, अनुदानाच्या टप्प्यापर्यंत मास्तर बिनपगारी किती वर्षं राबले, इन्स्पेक्शनला डिप्टी साहेब आले तेव्हा जेवण कोणाच्या घरून, ईबीसीचे, म्हणजे गरिबांच्या फी सवलतीचे, फॉर्म भरायला पोरांचे बाप यायचे तेव्हा उत्पन्नाचा दाखला कोण काढून द्यायचं, तुकडी टिकवायला पट कमी पडला तर काय केलं, सरप्लस, म्हणजे जादा शिक्षक, कोणाला दाखवायचं हे ठरवताना झोप लागली का. नापास कोणाला केलं आणि त्याचं पुढं काय झालं माहीत आहे का. पोरांना मारलं का, आज त्याबद्दल काय वाटतं. मुलींची गळती, दहावीच्या आधीच लग्न, त्यात कधी मध्ये पडलात का.

आणि विचारून झालं की गप्प बसा. सर थांबले म्हणून लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, मनात दहापर्यंत आकडे मोजा. शिकवण्याची सवय असलेला माणूस थांबतो तेव्हा बऱ्याचदा पुढचं वाक्य जुळवत असतो.

सरांना घरी अहिराणी येत असेल, किंवा यावल-रावेरकडे लेवा बोली असेल, तर त्याच बोलीत विचारा. हेडसर म्हणून ते प्रमाण मराठीत बोलतात, आईबद्दल बोलताना आपोआप घरच्या बोलीवर येतात, तिथं तुम्ही पुस्तकी मराठीत प्रश्न टाकला की गाडी पुन्हा रुळावर येते आणि मजा जाते.

"हे बंद कर रे" म्हणाले की बंद करा, खरोखर बंद करा, फोन उलटा ठेवण्याचं नाटक नको.

शिपाई, क्लार्क, काकू आणि नापास झालेले

गौरव अंकात कोण लिहितं? कलेक्टर झालेला विद्यार्थी, अमेरिकेतला इंजिनिअर, आमदारांचा शुभेच्छा संदेश. यांना सर वर्गात दिसले तेवढेच माहीत. सर खरे कोणाला माहीत, तर शाळेच्या शिपायाला. आमच्याकडच्या एका निवृत्त शिपाईबाबांकडे गेलो होतो, बाजेवर बसले होते, आधी म्हणे मला काय माहीत, मी अडाणी. मग हळूहळू निघालं की जूनमध्ये वादळात शाळेचे पत्रे उडाले, दुसऱ्या दिवशी शाळा उघडायची होती, संस्थेकडून कोणी फिरकलं नाही, तर सर आणि बाबा दोघांनी बैलगाडी घेऊन शेताशेतातून पत्रे गोळा केले, सरांनी स्वतः वर चढून जे-हूक आवळले आणि खाली उतरल्यावर बाबांना म्हणाले, कोणाला सांगू नको, हेडमास्तर पत्र्यावर चढला म्हणतील. बाबांनी खरंच कोणाला सांगितलं नव्हतं. सरांच्या दराऱ्याबद्दल विचारलं तर एका ओळीत: "सर बोलेत नहीत, नुसतं देखेत, तेवढामाच पोरे चूप व्हई जायेत." आता "शिस्तप्रिय" या शब्दाची गरज आहे का सांगा.

क्लार्ककडे पैशांच्या गोष्टी असतात. काकूंकडे सगळ्यात जास्त असतं पण सर समोर असताना त्या बोलणार नाहीत, त्यांना वेगळं भेटायला बाईमाणसानं जावं, स्वयंपाकघरात बसून. बदल्या किती झाल्या, सामान कशावर लादलं, पगार तीन-तीन महिने आला नाही तेव्हा किराणा कोणी दिला, विद्यार्थी घरी जेवायला किती असायचे, हे त्यांनाच माहीत. पुस्तिकेत काकूंचं नाव त्यांच्या आठवणीसकट स्वतंत्र पानावर घाला, "सौभाग्यवतींची मोलाची साथ लाभली" या एका ओळीत गुंडाळू नका.

आणि जे नापास झाले, ज्यांना शाळेतून काढलं, ज्यांचं सरांशी पटलं नाही, अशा दोघातिघांना तरी भेटाच. त्यांना सर जास्त नीट आठवतात.

कागद आणि फोटो

पेटी उघडायची परवानगी मिळाली की ती सरांसमोरच उघडा. काय शोधायचं: नेमणुकीच्या ऑर्डरी, सर्व्हिस बुकाची झेरॉक्स, जुनी टाचणं, डायऱ्या, निरोप समारंभाचं मानपत्र, विद्यार्थ्यांची पत्रं, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका, स्टाफचे ग्रुप फोटो.

एका सरांच्या पेटीत लाल कापडी बांधणीची वही निघाली. समोरून वाचलं तर इंग्रजी व्याकरणाची टिपणं, उलटी करून मागून उघडली तर रकाने आखलेली यादी. पोराचं नाव, गाव, "परीक्षा फी" किंवा "पुस्तकं" किंवा नुसतं "बस", रक्कम, आणि शेवटच्या रकान्यात "आली" किंवा रेघ. पानंच्या पानं रेघाच होत्या. सर म्हणाले, अरे ती उधारीची वही आहे, ठेव बाजूला. त्या वहीचा एकेक पानाचा फोटो काढला आम्ही. छापताना मात्र पोरांची नावं झाकली, कारण त्यातले कितीतरी आज गावात मानानं राहतायत, त्यांची गरिबी चव्हाट्यावर आणायचा आपल्याला काही हक्क नाही. तसंच पेन्शनचा पीपीओ नंबर, बँक खातं, आधार, पॅन हे कुठल्याही फोटोत दिसता कामा नये.

मूळ कागद घरी घेऊन जाऊ नका, तिथंच काम करा. स्कॅनर असेल तर कागद ३०० डीपीआयला आणि फोटो ६०० डीपीआयला. नसेल तर फोनवर, दाराजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद, फोन कागदाच्या अगदी वर सरळ धरून. फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, पापुद्रा निघून येतो, काचेवरूनच तिरक्या उजेडात काढा. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, बॉलपेननं मागं लिहायचं नाही, मऊ पेन्सिल चालते, आणि गुळगुळीत फोटोवर पेन्सिल उठत नसेल तर पाकिटावर लिहून फोटो त्यात ठेवा. जुन्या धाब्याच्या घरात ओल आणि उदई (वाळवी) दोन्ही असतात, पेटी भिंतीपासून लांब, विटांवर ठेवायला सांगा.

ग्रुप फोटोतली नावं हे वेगळंच प्रकरण. फोटोची मोठी प्रिंट काढायची, प्रत्येक डोक्यावर नंबर टाकायचा, खाली रिकाम्या ओळी, आणि ती प्रिंट लग्नात, मेळाव्यात, चहाच्या टपरीवर फिरवायची. दोन वेगळ्या माणसांनी तेच नाव सांगितलं तर पक्कं, नाहीतर समोर प्रश्नचिन्ह.

सर गेलेले असतील तर

तरी काम होतं, जरा फिरावं लागतं इतकंच. शाळेत जाऊन सध्याच्या मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, जनरल रजिस्टर, लॉगबुक, इन्स्पेक्शनचे शेरे, रौप्यमहोत्सवी स्मरणिका बघायला मागा. जनरल रजिस्टरमध्ये दुसऱ्यांच्या पोरांची माहिती असते, ती उतरवून घ्यायची नाही, सरांचं अक्षर आणि सही कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत दिसते एवढंच बघायचं, त्यावरून कार्यकाळ पक्का होतो. संस्थेच्या प्रोसिडिंग बुकात शोकप्रस्ताव असतो, शिवाय नेमणुकीचा, बढतीचा, कधीकधी भांडणाचा पण ठराव असतो. त्या काळातल्या 'देशदूत', 'गावकरी'ची कात्रणं घरी नसतील तर जुन्या वाचनालयात विचारा. सरांच्या बॅचच्या मास्तरांना गाठा. आणि द्वारदर्शनाला, म्हणजे घरी सांत्वनाला, आलेली माणसं बोलतात तेव्हा लक्ष द्या, तिथं वही काढायची नाही, फक्त कोण काय म्हणालं ते लक्षात ठेवून महिनाभरानं त्या माणसाकडे जायचं.

उतरवणं आणि लिहिणं

एका तासाचं रेकॉर्डिंग हातानं उतरवायला पाच-सहा तास सहज जातात, एकट्यानं करू नका, तिघाचौघांत वाटा. फोनचं मराठी व्हॉइस टायपिंग कच्च्या खर्ड्याला ठीक आहे, पण मध्येच अहिराणी आली की ते काहीही लिहून ठेवतं, म्हणून ऐकून तपासलंच पाहिजे. बोलीतली वाक्यं बोलीतच ठेवा, "सुधारू" नका. गाळलं तिथं टिंबं द्या.

लिहिताना माझा एकच नियम, एका पानात एकही विशेषण नको अशी पैज लावायची. "सर दानशूर होते" खोडा, लाल वहीचं पान छापा. "सर वक्तशीर होते" खोडा, कोणती गाडी पकडायचे ते लिहा. सुरुवात जन्मापासूनच करायला पाहिजे असं काही नाही. पहिलं पान शाळेचा एक दिवस, मग मागं जा.

दोन जणांच्या आठवणी जुळत नसतील तर दोन्ही छापा, नावासकट. शाळेची जागा कोणी दिली यावर आमच्याकडे तीन घराणी दावा करतात, आम्ही सातबारा आणि संस्थेचा ठराव बघितला आणि कागदावर जे होतं ते लिहिलं, बाकीचं "असंही सांगितलं जातं" म्हणून दिलं. एक घराणं अजून नाराज आहे, असू दे.

संस्थेतले वाद, कोर्टकेस, निलंबन, हे टाळायचं का? मला वाटतं नाही टाळायचं. पण सरांची परवानगी पाहिजे, कागद पाहिजे, आणि जिवंत माणसाचं नाव घेऊन आरोप करायचा नाही. "सहीचा पगार वेगळा आणि हातातला वेगळा" या विषयावर बरेच सर रेकॉर्डिंग बंद करून बोलतात, ते बंदच राहू द्या.

पूर्ण मजकूर छापण्याआधी सरांना मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्या. ते लाल पेन घेऊन शुद्धलेखन तपासणार, तपासू द्या, त्यात त्यांना दहा नव्या गोष्टी आठवतात, शेजारी फोन चालू ठेवून बसा.

छपाई आणि प्रती

पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा, ४८ पानांची सेंटर पिन पुस्तिका सुटसुटीत होते. डीटीपीवाल्याकडे मजकूर द्याल तेव्हा एक गोष्ट पक्की करा, तो श्रीलिपीत, म्हणजे छपाईवाल्यांच्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, लावणार असेल तर लावू दे, पण तुमच्याकडे युनिकोडमधली (कुठल्याही फोनवर वाचता येणारी) अंतिम दुरुस्त केलेली फाईल राहिलीच पाहिजे, नाहीतर पाच वर्षांनी ती फाईल उघडली की नुसते किडे दिसतात. प्रूफ दोन वेळा, नावं आणि सालं तिसऱ्या वेळी वेगळी.

खर्चासाठी जाहिराती घेऊ नका, मध्येच बियाण्यांच्या दुकानाचं पान येतं. वर्गणी काढा, प्रत्येकी रक्कम छोटी ठेवा, हिशोब ग्रुपवर टाका.

रेकॉर्डिंग आणि स्कॅन तीन ठिकाणी पाहिजेत: एक हार्डडिस्क तुमच्याकडे, एक सरांच्या घरी, एक ऑनलाइन. ज्यांची परवानगी आहे ते इंटरनेट अर्काईव्हवर फुकट चढवता येतं. मराठी विकिपीडियावर पान करायची घाई करू नका, तिथं स्वतंत्र छापील संदर्भ लागतात, नसतील तर पान उडतं आणि घरच्यांना वाईट वाटतं. छापील प्रत शाळेला, गावच्या वाचनालयाला, जळगावला व. वा. वाचनालयाला, धुळ्याला गरुड वाचनालयाला द्या. खूप जुने कागद असतील, मोडीतले वगैरे, तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात दाखवा, इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यांवरचे असेच कागद जमवले होते, तिथं अशा गोष्टींची किंमत कळते.

प्रकाशनाला सत्कार, शाल-श्रीफळ, दोन तासांची भाषणं हे होणारच, थांबवता येत नाही. फक्त त्यातला अर्धा तास आधीच मागून घ्या, स्टेजवर शिपाईबाबांना बोलवा आणि पुस्तिकेतलं एखादं पान आठवीच्या पोरीला वाचायला लावा.

पुस्तिका वाटल्यावर महिनाभर फोन येत राहतात, माझा किस्सा राहिला, माझ्या वडिलांचं नाव चुकलं, ते साल ८१ नाही ८२. एका वहीत सगळं तारखेसकट लिहून घ्या, शुद्धिपत्राची एक चिठ्ठी छापून उरलेल्या प्रतींत घाला, आणि जो माणूस सगळ्यात जास्त चुका काढतो त्याला पुढच्या सरांच्या कामाला टीममध्ये घ्या.